अख्खं फळ की अर्काची गोळी?

केमोथेरपीची औषधं कर्करोगाच्या पेशींच्या डीएनएवर घाव घालतात: सिस्प्लॅटिन डीएनएच्या धाग्यांत बंध घालून ते जखडतं, डॉक्सोरुबिसिन ते तोडतं. मार निरोगी पेशींनाही बसतो. उंदरांच्या अस्थिमज्जेत सूक्ष्मकेंद्रकं (डीएनएला इजा झाल्यावर पेशीत मागे राहणारे सुटे तुकडे) मोजली की तो दिसतो, आणि काही वनस्पतींचे अर्क आधी दिले तर ती कमी भरतात.

मग अशा अर्काची थेट गोळीच का नको? कारण गोळीतली मात्रा ताटातल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि ती कर्करोगाच्या पेशींनाही पाठीशी घालू शकते. ग्रीन टीमधला ईजीसीजी हा घटक तर बोर्टेझोमिब या कर्करोगाच्या औषधाला (हे डीएनएवर घाव घालणारं औषध नव्हे, पण धडा तोच) चिकटून त्याला निकामी करतो. २००९ मध्ये उंदरांत हे दिसलं.

फळं आणि भाज्यांचं संरक्षण सौम्य, पण सोबत तंतू आणि पोषण. माझा कौल ताटाला. फक्त ग्रेपफ्रूट जपून: आतड्यातलं औषधं मोडणारं विकर (एन्झाइम) अडवून ते काही औषधांची रक्तातली पातळी चढवतं. गोळी घ्यायचीच असेल तर आधी बाटली ऑन्कोलॉजिस्टना (कर्करोगतज्ज्ञांना) दाखवा.