ईसीजी: फिल्टर लावून काढावा की मोकळा?

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पेशंट टेबलावर येतो तोच घामाने निथळत. पट्टीवरची बेसलाइन, म्हणजे मूळ आडवी रेघ, हेलकावे खाते, वर बारीक थरथर. अशा वेळी एक तर स्नायूंची थरथर गाळणारा मसल फिल्टर ३५ हर्ट्झवर आणि हेलकावे गाळणारा बेसलाइन फिल्टर ०.५ वर टाकायचा, नाहीतर हे फिल्टर न लावता ०.०५ ते १५० हर्ट्झ मोकळं ठेवून कातडीवर मेहनत घ्यायची.

फिल्टर सोयीचा, यात वाद नाही. बटण दाबलं की पट्टी देखणी. पार्किन्सनचे आजोबा किंवा हुडहुडी भरलेला पेशंट असेल, तर बहुतेकदा त्याच्याशिवाय भागत नाही. ठोके नियमित आहेत का एवढंच बघायचं असेल तर बिघडतही नाही. पण क्यूआरएसची, म्हणजे ठोक्याच्या टोकदार उंच लाटेची, उंची थोडी छाटली जाते, बारीक खाचा बुजतात, पेसमेकरची उभी रेघ कधी कधी गायबच.

मोकळ्या पट्टीला चार-पाच मिनिटं जास्त. घाम कोरड्या कापडाने टिपायचा, अंगाला तेल असेल तर स्पिरिटने पुसायचं. पाटल्या-बांगड्या हाताला लावायच्या क्लॅम्पपासून वर सरकवायच्या, हात टेबलाच्या लोखंडाला टेकू द्यायचे नाहीत. छातीवर चिकटणाऱ्या प्रत्येक रबरी बल्बखाली जेलचा ठिपका वेगळा हवा. सलग फासलं की शेजारशेजारच्या लीड (वेगवेगळ्या जागांहून दिसणाऱ्या हृदयाच्या रेघा) सारख्याच दिसायला लागतात. तरी गडबड राहिली तर पट्टीच पत्ता सांगते: लीड १ आणि २ खराब, ३ स्वच्छ, म्हणजे उजव्या हाताचा क्लॅम्प. फिल्टरने ही खूणही पुसली जाते. एका मिलिमीटरात दोन लाटांची दाट झालर दिसली तर ती विजेची, ५० हर्ट्झची. तिथे अर्थिंग बघावं. तेवढ्यापुरता ही झालर गाळणारा एसी फिल्टर लावायला माझी ना नाही.

मला खरा खटकतो तो एसटी, म्हणजे क्यूआरएस आणि पुढच्या टी लाटेच्या मधला भाग. छातीत दुखत असेल तर डॉक्टर आधी तोच बघतात. साध्या, जुन्या मशीनवर ०.५ चा फिल्टर एसटीला वर-खाली ढकलू शकतो. नव्या मशीनमध्ये हा दोष कमी असेलही. पण तालुक्याच्या गावातून पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर संभाजीनगरला जातो, आणि कापली जाते ती नेमकी फिल्टर छापलेली खालची ओळ. खाली गेलेला एसटी हृदयाचा की फिल्टरचा, हे तिकडच्या डॉक्टरांनी कसं ओळखायचं?

म्हणून छातीत दुखत असेल तर पहिली पट्टी मोकळीच काढलेली बरी. थरथर फारच असेल तर दुसरी ३५ वर काढून तीवर पेनाने तसं लिहावं. फोटोत १० मिलिमीटरची कॅलिब्रेशनची (उंचीचं माप सांगणारी) खूण आणि खालची ओळ दोन्ही यायला हवीत.