रुंद अलॉयवर टायर कुठला बसवायचा? कोल्हापुरातल्या ह्या दुकानाचा अनुभव

शिरोलीकडं जाताना हायवेच्या कडेला हे दुकान आहे, टायर, अलॉय, अलाइनमेंट, बॅलन्सिंग सगळं एकाच शेडमधे. माझ्याकडून पाच स्टार, आणि नुसते स्टार देऊन जाणार नाही, का दिले ते सविस्तर लिहितो कारण कोल्हापुरात सध्या पोरं रुंद अलॉयच्या मागं लागलीयत आणि टायरच्या साइजबद्दल बहुतेक ठिकाणी "बसतंय की, घेऊन जावा" एवढंच सांगितलं जातं. इथं तसं होत नाही, म्हणून हा रिव्ह्यू.

गाडी माझ्या भाच्याची, स्विफ्ट झेडएक्सआय, कंपनीकडून १८५/६५ आर १५ टायर आलेली. त्यानं मित्राकडून १६ इंची अलॉयचा सेट घेतला, रिम ७ जे (म्हणजे ७ इंच) रुंद, ईटी म्हणजे ऑफसेट ३८ (त्याचं गणित पुढं येतंय), ४ बाय १०० पीसीडी, म्हणजे चार नट १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर. रिम एकदम चकाचक, कुठं वाकलेली नाही, आतल्या बाजूला जेडब्ल्यूएलचा, म्हणजे अलॉय रिमच्या जपानी मानकाचा शिक्का पण होता. आता भाच्याच्या डोक्यात २२५/४५ बसवायचं, कारण कुणाच्यातरी गाडीला मागून बघितलं तर लई दणकट दिसत होतं म्हणे. दुकानातल्या काकांनी टायर दाखवायच्या आधी रिम उलटी केली, आतले आकडे वाचले, मग दरवाजा उघडून ड्रायव्हरच्या बाजूचं स्टिकर वाचलं आणि मग कॅल्क्युलेटर घेऊन बसले. टायर विकणारा माणूस आधी गाडीचं स्टिकर वाचतो ह्याच्यावरच माझं मन बसलं.

त्यांनी भाच्याला समोर बसवून जे सांगितलं ते मी माझ्या शब्दात लिहितो, कारण टायर घ्यायला निघालेल्या कुणालाही कामाला येईल. टायरवरचा पहिला आकडा म्हणजे रुंदी मिलिमीटरमधे, दुसरा म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या किती टक्के ते, तिसरा रिमचा व्यास इंचात. म्हणजे १८५/६५ आर १५ ची साइडवॉल १८५ चे ६५ टक्के, १२० मिमी, ती वर आणि खाली दोन्हीकडं असते म्हणून २४०, त्यात १५ इंच म्हणजे ३८१ मिमी मिळवा, एकूण उंची ६२१ मिमी आणि वर थोडं. नवा टायर कितीही रुंद असूदे, ही एकूण उंची शक्यतो तेवढीच राहिली पाहिजे कारण स्पीडोमीटर, एबीएस, गिअरचं गणित सगळं त्या उंचीवर बसवलेलं असतं. १९५/५५ आर १६ घेतला तर उंची ६२१ च्या आसपासच येते, फरक म्हणजे जवळजवळ काहीच नाही. २०५/५५ आर १६ घेतला तर ६३२, पावणेदोन टक्के जास्त, मग काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी खरी १०१-१०२ नं पळत असते आणि टायर चाकाच्या कमानीत अडकायची भीती वेगळी. २०५/५० आर १६ घेतला तर ६११, म्हणजे गाडी ५ मिमी खाली बसते. आणि भाच्याचा लाडका २२५/४५ घेतला तर ६०९ आणि वर रुंदी अशी की मागच्या फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, घासणारच.

आता इथं दुसरा मुद्दा आला जो मला आजवर कुणी दुकानात सांगितला नव्हता. प्रत्येक टायर साइजला रिमच्या रुंदीची एक रेंज असते, टायर कंपन्यांच्या डेटा बुकमधे छापलेली. १८५/६५ आर १५ ला ५ ते साडेसहा जे, १९५/५५ आर १६ ला साडेपाच ते ७ जे, २०५/५० आर १६ ला साडेपाच ते साडेसात जे. २२५/४५ आर १६ ला ७ पासून सुरुवात, म्हणजे भाच्याच्या रिमवर तो अगदी खालच्या टोकाला. रेंजच्या बाहेर गेलं की दोन प्रकार होतात. रिम जास्त रुंद आणि टायर अरुंद असेल तर साइडवॉल ताणून तिरकी होते, टायरची कड म्हणजे बीड नीट बसत नाही, खड्ड्यात आपटलं की हवा एका क्षणात निघून जायची शक्यता, आणि रिमची ओठासारखी कड बाहेर उघडी पडल्यानं फुटपाथला घासून खराब. उलट, रिम अरुंद आणि टायर रुंद असेल तर साइडवॉल फुग्यासारखी बाहेर येते, वळणात टायर लोळतो, मधला भाग लवकर झिजतो. काका म्हणाले, "भावा, मशीनवर कुठलाबी टायर कुठल्याबी रिमवर चढवता येतो, पण चढला म्हणजे चालला असं न्हवं." हे वाक्य त्यांनी दुकानात लावून ठेवावं असं मी म्हटलं त्यांना.

भाच्याला तरी रुंदच पाहिजे होतं, तोंड पाडून बसला. मग काकांनी असली गोष्ट सांगितली की तो लगेच सरळ झाला. १९५/५५ ची छापील रुंदी ही ६ जे रिमवर मोजलेली असते, त्यापेक्षा रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण ५ मिमी फुलतो, म्हणजे ७ जे वर तोच टायर १० मिमी जास्त रुंद बसतो. आणि फुललेला असल्यानं साइडवॉल सरळ उभी दिसते, जी पोरांना आवडते. नुसता वरचा आकडा वाढवून जे मिळवायचं ते रिमच्या रुंदीनं आपोआप मिळालं. भाच्यानं मान डोलावली.

मग ऑफसेट. खरा खोळंबा इथं होता, आणि काकांनी इथं सगळ्यात जास्त वेळ दिला. ईटीचा आकडा म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे ते. समजा कंपनीची रिम साडेपाच जे आणि ईटी ४५, आणि नवी ७ जे ईटी ३८. रुंदी दीड इंचानं म्हणजे ३८ मिमी वाढली, ती दोन्हीकडं अर्धी अर्धी वाटली जाते, १९ आणि १९. वर ईटी ७ नं कमी झाला, म्हणजे रिम ७ मिमी बाहेर सरकली. बाहेरची कड १९ अधिक ७ म्हणजे २६ मिमी बाहेर येणार आणि आतली कड १९ वजा ७ म्हणजे १२ मिमी आत जाणार. आत स्प्रिंग, शॉकअप, ब्रेकचा पाइप ह्यांची जागा बघायची आणि बाहेर फेंडरची. हे गणित करून झाल्यावर पण काका कागदावर विश्वास ठेवून गप्प बसले नाहीत, एक रिम आणि त्याच साइजचा एक जुना टायर लावून गाडी खाली उतरवली, टायरच्या खांद्यावर खडूनं रेघ मारली, मागं तीन जण आणि डिकीत दोन पोती ठेवून शेडच्या बाहेर स्पीडब्रेकरवरनं फेरी मारायला लावली. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं. रेघ पुसली गेली का बघितलं, नाही गेली. एवढं बघूनच बाकीची रिम बसवायला घेतली. हे असं करणारं दुकान बघितलं की बरं वाटतं.

रिमच्या मधल्या भोकाचा व्यास हा अजून एक मुद्दा. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक बऱ्याचदा ७३.१ मिमीचं असतं, स्विफ्टचा हब ५४.१ चा. मधे जागा राहिली तर रिमचं वजन नटांवरच येतं आणि ८० च्या पुढं स्टिअरिंगमधे थरथर सुरू होते, लोक बॅलन्सिंगला दोष देत फिरतात. ह्यांनी ती जागा भरणाऱ्या हब रिंग टाकल्या आणि जुने नट काढून रिमच्या खळीला जुळणारे शंकूच्या आकाराचे नट लावले. टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं घट्ट केले, हवेच्या गनवर सोडले नाहीत. ५०-१०० किमी चालवून परत या, नट तपासून देतो असं सांगितलं, आणि खरोखर फोन करून आठवण पण केली.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती ओझं पेलतो त्याचा आकडा, ह्याबद्दल सांगायलाच पाहिजे कारण बहुतेक लोक इकडं लक्षच देत नाहीत. जुन्या टायरवर ८८, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. १९५/५५ आर १६ साध्या प्रकारात ८७ मिळतो, ५४५ किलो. काकांनी ९१ वाला एक्स्ट्रा लोडचा टायर सुचवला, ६१५ किलो. पण सोबत हे पण सांगितलं की एक्स्ट्रा लोडचा टायर तेवढ्याच हवेवर साध्या टायरएवढंच ओझं घेतो, फायदा पाहिजे तर हवा थोडी जास्त ठेवावी लागते. म्हणून आमच्या गाडीला दाराच्या स्टिकरपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवायला सांगितली. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या पोराला हे आकडे सांगायचे, तो नेहमीच्या सवयीनं टाकतो. वेगाचं अक्षर पण बघून घेतलं, एच म्हणजे २१० किमी, व्ही म्हणजे २४०, जुन्या टायरवर जे असेल त्याच्या खाली जायचं नाही.

साइज निवडायला १९५/५५ का, २०५/५० का नाही, ह्याचं मला पटलेलं कारण म्हणजे आपले रस्ते. जुन्या टायरची साइडवॉल १२० मिमी होती, १९५/५५ ची १०७, २०५/५० ची १०२. एवढी साइडवॉल म्हणजे रिमसाठी गादीच. पावसाळ्यात गगनबावड्याकडं किंवा आंबा घाटात गेलात तर कुठला खड्डा पाण्याखाली आहे कळत नाही, आणि हायवेच्या कामाची वळणं तर विचारू नका. साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर जो चिखल आणि पाचट पडतं त्यात टायर किती रुंद आहे ह्यापेक्षा नक्षी किती खोल आहे हे महत्त्वाचं. रुंद टायर कोरड्यावर चांगला, पण साचलेल्या पाण्यात तो लवकर तरंगायला लागतो, म्हणून नक्षीत पाणी बाहेर ढकलणाऱ्या खोल सरळ खाचा असलेला टायर काकांनी निवडून दिला. आणखी एक सोपं कारण, १९५/५५ आर १६ ही साइज बलेनोच्या अल्फाला आणि आय२० ला कंपनीकडूनच येते, त्यामुळं गारगोटीत पंक्चर होऊन टायर फाटला तरी तोच टायर शोधायला फार वणवण होत नाही.

टायर बनल्याची तारीख काकांनी स्वतःहून दाखवली. साइडवॉलवर चार आकडे असतात, १८२५ असेल तर २०२५ सालचा १८ वा आठवडा. आम्हाला दिलेले चारही टायर एकाच वर्षातले आणि काही महिन्यांपूर्वीचेच. आयएसआयचा शिक्का पण बघून घ्या असं म्हणाले. जुन्या साठ्यातला टायर नव्याच्या भावात चालवणारी दुकानं आहेत म्हणून हे मला फार आवडलं.

भाच्याला त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली ती इथं पण सांगतो. विमा कंपनीला अलॉय आणि टायर बदलल्याचं कळवा. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिलाय, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात गाडीत बदल करता येत नाही असा, त्यामुळं चाक फेंडरच्या बाहेर काढून मिरवणं हा धोका नको. आमचं चाक फेंडरच्या आतच आहे, तो मुद्दा त्यांनी बघूनच काम केलं.

गाडी आता कशी चालते? वळणात जास्त बसून राहते, हायवेला लेन बदलताना आधी जी थोडी झुलायची ती कमी झाली. पण स्टिअरिंग पार्किंगमधे थोडं जड लागतं, खड्डा आधीपेक्षा जास्त जाणवतो, मायलेज थोडं उतरलंय. हे तिन्ही काकांनी आधीच सांगितलं होतं, पैसे घ्यायच्या आधी, त्यामुळं भाचा तक्रार करत नाही, उलट सगळ्यांना ह्याच दुकानाचा पत्ता देतोय.

दर? आसपासच्या दुकानांपेक्षा किंचित जास्त आहे, आणि तो मला मान्य आहे कारण ट्रायल फिटिंगचे, खडूच्या रेघेचे, गणिताचे वेगळे पैसे लावले नाहीत. टायरमधे साध्या हवेऐवजी नायट्रोजन घ्याच असा आग्रह पण नाही.

थोडी गैरसोय आहे ती पण लिहितो. शनिवारी फार गर्दी असते, बसायला दोन खुर्च्या आणि एक जुना टेबल फॅन, गाडी उभी करायला हायवेच्या कडेची जागा थोडी अवघड. मधल्या दिवशी सकाळी जा, आणि जाताना दाराच्या स्टिकरचा आणि जुन्या टायरच्या साइडवॉलचा फोटो मोबाईलमधे घेऊन जा, काका आल्या आल्या तेच मागतात. नवीन रिम घ्यायच्या आधीच गेलात तर उत्तमच, ते रिम न विकता पण साइज सांगतात, ७ जे ऐवजी साडेसहा घ्या, ईटी ४० च्या वर बघा, असं सरळ सांगतात. दुपारी एक ते तीन बंद असतं, रविवारी फक्त सकाळी.