मालगाडी अन् प्रवासी गाडी: एकाच लाइनवर की वेगळ्या?

लाइन अपग्रेड झाली की सगळे स्पीडवर खूश, पण खरी गोची स्पीडच्या फरकात आहे. मागून १६० नं एक्सप्रेस येतेय आणि पुढे ७५ नं मालगाडी चाललीय, मग मालगाडीला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर घ्या, आणि लूपच गाडीपेक्षा आखूड निघाला तर बसा बोंबलत. वळणावर पण तेच, फास्ट गाडीसाठी बाहेरचा रूळ जास्त उचलला की हळू जाणाऱ्या जड वॅगन आतला रूळ झिजवतात. वेगळ्या लाइनला ही कटकटच नाही, फक्त जमीन आणि पैसा ढीगभर लागतो. गाड्यांची गर्दी नसेल तर मला शेअरिंगच पटतं, लूप मात्र लांब टाका. स्वित्झर्लंडच्या ५७ किमीच्या गॉटहार्ड बोगद्यात २०१६ पासून दोन्ही धावतातच की, पण तिथे मालगाड्याही १०० च्या आसपास पळवतात.