फायर सीलिंगच्या नावाखाली भोकात थर्माकोल भरून गेला

इलेक्ट्रिक डक्टचं फायर सीलिंग, म्हणजे आग-धूर वर जाऊ नये म्हणून भोकं बुजवायचं काम, करून देतो म्हणत कोणी तुमच्या सोसायटीत कोटेशन घेऊन आला असेल तर चेक फाडायच्या आधी हे वाचा.

आमची ठाण्यातली चौदा मजली बिल्डिंग. फायर ऑडिटमध्ये शेरा आला की केबल आणि पाइप जिथून स्लॅब ओलांडतात ती भोकं सगळ्या मजल्यांवर उघडी आहेत, बंद करा. शेरा बरोबरच होता, खाली मीटर रूमला आग लागली तर धूर त्याच भोकांतून सरळ वरपर्यंत जातो.

कॉन्ट्रॅक्टर बोलायला एकदम गोड. आगीत दोन तास टिकणारं सीलंट (फटी बुजवायची पेस्ट), लॅमिनेट केलेला टेस्ट रिपोर्ट, वर "टेन्शन घेऊ नका काका, फॉर्म बी पण आपणच देतो" (म्हणजे बिल्डिंगची आगीची यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला). तीन लाख वीस हजार, साठ टक्के ॲडव्हान्स. काम पटापट उरकलं, सगळीकडे लालभडक, कमिटी खूश.

मग सातव्या मजल्यावर ब्रॉडबँडवाला पोरगा नवीन वायर टाकायला आला, त्याने सळई ढोसली तर तो लाल थर पापडासारखा मोडला आणि आतून पांढरे मणी भुरुभुरु खाली. थर्माकोल! त्यावर बाजारात मिळतो तो साधा पिवळा पीयू फोम आणि वरून नखाएवढ्या जाडीचं लाल काहीतरी फासलेलं. गच्चीवर पत्र्याच्या डब्यात तुकडा पेटवून बघितला, थर्माकोल वितळून टपटप गळायला लागला आणि फोम काळा धूर काढत भडकला. म्हणजे आधी भोक नुसतं रिकामं तरी होतं, ह्याने त्यात सरपण भरून पैसे घेतले.

आणि रिपोर्ट खोटा नव्हता बरं का! पण टेस्ट झाली होती ठरावीक जाडीच्या काँक्रीटमध्ये, आत लोखंडी पाइप, भोवती घट्ट दाबलेलं रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर) आणि त्यावर ठरावीक जाडीचं सीलंट. ते दोन तास ह्या सगळ्या जुळणीचे असतात, नुसत्या सीलंटच्या ट्यूबचे नाहीत, आणि इथेच सगळे गंडतात. आमचे ड्रेनेजचे पाइप पीव्हीसीचे, आगीत पाइपच वितळणार मग भोवती कितीही भारी सीलंट लावा, मधे भोक मोकळंच. तिथे फायर कॉलर लागते, तिच्यातलं मटेरियल तापलं की फुगतं आणि मऊ झालेला पाइप चेपून भोक बुजवतं. आमच्याकडे एकही कॉलर नाही. विचारलं तर म्हणे "एवढं कोण बघतं काका".

फॉर्म बीचंही तेच. 2006 च्या महाराष्ट्राच्या फायर कायद्याप्रमाणे तो जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सवाल्या एजन्सीकडूनच घ्यायचा असतो, आणि ह्याच्याकडे लायसन्सच नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी लायसन्सवर सही आणणार होता.

आता नवीन माणसाला आम्ही आधीच लिहून दिलंय की प्रत्येक भोकाला नंबर, आतला थर झाकायच्या आधी फोटो, रिकाम्या ट्यूबा आणि रॉकवूलची पोती मोजून दाखवायची, आणि आम्ही बोट दाखवू ते कुठलंही एक भोक आमच्यासमोर कापून दाखवलं तरच फायनल पेमेंट. दोघं जण हे ऐकून परत आलेच नाहीत. जुन्याचे उरलेले चाळीस टक्के अडवलेत, त्याने उलट आम्हालाच वकिलाची नोटीस धाडलीये.