लिक्युअरची एकच बाटली घ्यायची असेल तर

मद्यात फळ, कॉफी, मसाले किंवा साय यांचा स्वाद आणि भरपूर साखर घालून केलेल्या लिक्युअरची एकच बाटली घरी ठेवायची झाल्यास परभणी, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या माणसाने चवीच्या आधी आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार करावा, असे माझे मत आहे. दुकानात मात्र नेमके नाव घेऊनच मागावे. नुसते ‘लिकर’ म्हटले तर समोर व्हिस्की आणि रमच येण्याची शक्यता अधिक.

पहिल्यांदा घेणाऱ्यांची पसंती बहुधा बेलीजला असते. १९७४ मध्ये आयर्लंडमध्ये बाजारात आलेल्या या पेयात आयरिश व्हिस्की व दुधाची साय असून अल्कोहोल १७ टक्के असते. ती गोड, मऊ आणि नवख्याला सहज आवडणारी आहे, हे मान्यच. परंतु उत्पादक ती ० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायला सांगतात, आणि एप्रिल-मेमध्ये जिथे पारा चाळिशी ओलांडतो तिथे स्वयंपाकघरातल्या फडताळात ही अट पाळली जाणे अशक्यच आहे. फ्रिजमध्ये कायमची जागा देता येत नसेल, तर ही बाटली दिवाळीनंतर आणून थंडीतच संपवावी. शिवाय तिच्यात लिंबू पिळता येत नाही. साय फाटते आणि ग्लासात गुठळ्या तरंगू लागतात.

कॉफीची काहलुआ मूळची मेक्सिकोची. तिच्यात साय नसल्याने उन्हाळ्याची तेवढी धास्ती नाही. जेवणानंतर बर्फावर ओतून घोट-घोट घेण्यासाठी ती उत्तम असली, तरी तिचा गोडवा जड आहे आणि दुसऱ्या ग्लासाची इच्छा सहसा होत नाही.

संत्र्याच्या सालींपासून फ्रान्समध्ये तयार होणारी क्वांत्रो मला आपल्या हवेला सर्वांत सोयीची वाटते. जालन्याच्या मोसंबीच्या रसात ३० मिलिलिटर क्वांत्रो, अर्धे लिंबू आणि वर सोडा घातला की झाले. मोसंबीला आंबटपणा बेताचाच असल्यामुळे लिंबू मात्र टाळू नये, नाहीतर गोडावर गोड होते. तिच्यातील अल्कोहोल मात्र ४० टक्के आहे, म्हणजे जवळजवळ व्हिस्कीइतके, आणि साखरेमुळे ते जिभेला जाणवत नाही. म्हणून ती सरबतासारखी अंदाजाने न ओतता मापानेच घ्यावी.

आयात मालामुळे या तिन्ही बाटल्या स्वस्त नाहीत आणि लहान गावांत सहसा मिळतही नाहीत.