दहा बिग ब्लाइंड आणि पंजी-तिर्री : होल्डएम रिसोर्सेसच्या पुश-फोल्ड तक्त्याचे परीक्षण

स्पर्धेच्या पोकरमध्ये स्टॅक (आपल्याजवळच्या एकूण चिप्स) दहा बिग ब्लाइंडच्या, म्हणजे दर हाताला सक्तीने लावायच्या मोठ्या पैजेच्या दहापटीच्या, आसपास घसरला की फ्लॉपनंतरच्या (पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यानंतरच्या) कौशल्याला फारसा वाव राहत नाही आणि निर्णय बहुतेक वेळा दोनच गोष्टींवर येऊन ठेपतो : सगळ्या चिप्स पुढे सारायच्या (पुश किंवा शव्ह) किंवा पत्ते टाकून द्यायचे (फोल्ड). एक्क्या-राजाला किंवा मोठ्या जोडीला कोणाचा सल्ला लागत नाही. प्रश्न पडतो तो राजा-दुर्री, राणी-पंजी, एकाच रंगाची (दोन्ही इस्पिक किंवा दोन्ही बदाम अशी) पंजी-तिर्री अशा काठावरच्या हातांचा, आणि होल्डएम रिसोर्सेसच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळणारा हेड्स-अप (दोनच खेळाडूंच्या खेळाचा) पुश-फोल्ड तक्ता नेमका याच हातांसाठी उपयोगाचा आहे.

तक्त्याची रचना साधी आहे. तेरा ओळी, तेरा स्तंभ, म्हणजे सुरुवातीच्या 169 प्रकारच्या हातांसाठी 169 चौकटी. कर्णावर जोड्या, एका बाजूला एकाच रंगाचे हात आणि दुसऱ्या बाजूला भिन्न रंगांचे. चौकटीतला आकडा सांगतो की दोघांपैकी लहान स्टॅक तेवढ्या बिग ब्लाइंडचा किंवा त्याहून कमी असेल, तर स्मॉल ब्लाइंडवरून (बिग ब्लाइंडच्या निम्मी सक्तीची पैज लावणाऱ्याच्या जागेवरून) हा हात शव्ह करावा. भिन्न रंगांच्या राजा-दुर्रीपुढे 11.6, राणी-दुर्रीपुढे 7.0 आणि गुलाम-दुर्रीपुढे 4.6 हे आकडे आहेत, तर प्रत्येक एक्का आणि प्रत्येक जोडी 20 च्या वर आहे. शेजारी असाच दुसरा तक्ता बिग ब्लाइंडवरून कॉल करणाऱ्यासाठी, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून शव्ह स्वीकारणाऱ्यासाठी, दिला आहे. दोन्ही तक्ते नॅश समतोलाचे आहेत : दोघांनीही ते तंतोतंत पाळले, तर एकट्याने चाल बदलून कोणाचाही फायदा होत नाही.

हे आकडे प्रथमदर्शनी बेफिकीर वाटतात, म्हणून एक हिशेब मांडून पाहावा. दोघांकडे दहा-दहा बिग ब्लाइंड आहेत. स्मॉल ब्लाइंडवरून पत्ते टाकले तर हाती 9.5 उरतात. शव्ह केला आणि समोरच्याने पत्ते टाकले तर 11 होतात. समोरचा दहापैकी चार हातांनी कॉल करतो असे धरले, तर कॉल झाल्यावर 20 बिग ब्लाइंडच्या पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या चिप्समध्ये) सुमारे 36 टक्के वाटा मिळाला तरी शव्ह फोल्डच्या बरोबरीला येतो. याउलट कॉल करणाऱ्याला आणखी 9 घालून 20 च्या पॉटसाठी लढायचे असते, म्हणजे त्याला 45 टक्के हवेत. पहिल्यांदा चिप्स सारणाऱ्याला समोरच्याच्या फोल्डचा जो आधार मिळतो तो कॉल करणाऱ्याला मिळत नाही, आणि शव्हचा तक्ता कॉलच्या तक्त्यापेक्षा इतका सैल दिसतो तो यामुळेच.

तक्त्याचा सर्वांत रंजक भाग तीन अपवादांत आहे आणि ते तळटीपेत असल्याने घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटतात. एकाच रंगाची पंजी-तिर्री 12.9 पासून 3.8 बिग ब्लाइंडपर्यंत शव्ह करावी, त्याखाली टाकून द्यावी आणि 2.4 च्या खाली पुन्हा शव्ह करावी, असे तो सांगतो. छक्की-तिर्री आणि चव्वी-तिर्री यांचेही तसेच. हा छपाईचा दोष नव्हे. स्टॅक दहाच्या आसपास असताना समोरचा मुख्यतः एक्के, राजे आणि जोड्या घेऊन कॉल करतो, आणि त्यांच्यापुढे लहान, एकाच रंगाचे पत्ते निदान जिवंत असतात. शिवाय बऱ्याचदा तो पत्ते टाकतोच. स्टॅक तीनवर आला की तो जवळजवळ काहीही घेऊन कॉल करतो, फोल्डचा आधार संपतो आणि त्या रद्दी हातांपैकीही बहुतेक पंजीपेक्षा उंच असतात. त्याहून खाली गेल्यावर ब्लाइंडमध्ये आधीच गेलेला वाटाच इतका मोठा ठरतो की टाकून देणे परवडत नाही. शॉर्ट स्टॅकचे तर्कशास्त्र इतक्या थोड्या जागेत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आता मर्यादा. तक्त्याने शव्ह आणि फोल्ड एवढेच पर्याय धरले आहेत. बारा-पंधरा बिग ब्लाइंडवर लिंप (फक्त बिग ब्लाइंडएवढी पैज भरणे) किंवा लहान रेझ (पैज थोडी वाढवणे) हे अनेक हातांसाठी चांगले मार्ग असतात आणि तेथे त्याचे ऐकणे म्हणजे स्वतःचे हात बांधून घेणे होय. अँटे, म्हणजे ब्लाइंडखेरीज दर हाताला भरायची सक्तीची रक्कम, हाही धरलेला नाही. बिग ब्लाइंड अँटे असलेल्या स्पर्धेत पॉट मुळातच मोठा असल्याने हे आकडे उलट थोडे कंजूष ठरतात. समोरचा समतोलाने खेळत नसेल तर दुरुस्ती आपणच करायची. तोच दहा बिग ब्लाइंडचा हिशेब दहापैकी सात हातांनी कॉल करणाऱ्यासमोर मांडला, तर लागणारा वाटा 36 वरून 44 टक्क्यांवर जातो, आणि तेथे पंजी-तिर्रीने गप्प बसावे.

सर्वांत मोठा धोका मात्र हा तक्ता चुकीच्या टेबलावर नेण्याचा आहे. शेवटचे दोघेच उरले असताना दुसरे बक्षीस दोघांचेही पक्के असते, प्रत्येक चिपची किंमत सारखी राहते, आणि म्हणून तेथे तो चोख लागू पडतो. बक्षिसांच्या उंबरठ्यावर नऊ जण बसलेले असताना स्मॉल ब्लाइंडपर्यंत सगळ्यांनी पत्ते टाकले, तरी जागा तीच म्हणून आकडे तेच असे होत नाही, कारण तेथे गमावलेली चिप कमावलेल्या चिपेपेक्षा महाग असते. कॉलचा तक्ता तर तेथे बाजूलाच ठेवावा. दहा जागांच्या सॅटेलाइटमध्ये (मोठ्या स्पर्धेतला प्रवेश हेच बक्षीस असलेल्या स्पर्धेत) अकरा जण उरलेले असताना एक्क्यांची जोडी टाकणेही बरोबर ठरू शकते. अशा प्रसंगांसाठी याच मंडळींचे सशुल्क गणकयंत्र आहे. त्यात प्रत्येकाचा स्टॅक आणि बक्षिसांची वाटणी भरावी लागते, आणि आठवड्यातून एखादी स्पर्धा खेळणाऱ्याला ते जड वाटेल.

ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यानंतर पैशांचे ऑनलाइन पोकर देशात बंद झाल्याने, आपल्याकडच्या खेळाडूंना कायदेशीर स्पर्धांसाठी प्रामुख्याने गोव्याच्या कॅसिनोंची वाट धरावी लागते. हात चालू असताना तेथे फोन उघडून तक्ता पाहता येणार नाही. 2024 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत विजेत्याच्या पाठीराख्यांनी कडेला लॅपटॉप उघडून ठेवल्यावरून झालेल्या वादानंतर तर हा विषय सगळीकडेच नाजूक झाला आहे. त्यामुळे 169 आकडे पाठ करण्याच्या फंदात न पडता 5, 8 आणि 12 बिग ब्लाइंडवर राजा, राणी आणि गुलाम यांच्या जोडीला किमान कोणता पत्ता हवा, एवढेच वहीत उतरवून घ्यावे.