हॉब्सन-जॉब्सन: डिक्शनरी कमी, गप्पांचा अड्डा जास्त

इंग्रजी शब्द कुठून आले हे खोदत बसायची खोड असेल तर हे पुस्तक उघडाच, विकत घ्यायचीही गरज नाही, १९०३ ची आवृत्ती शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट आहे, तिथंच आपला मोल्सवर्थपण आहे, म्हणजे जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातल्या गोऱ्यांच्या तोंडी बसलेले शब्द यात गोळा केले. पहिल्यांदा आलं १८८६ ला, तोवर बिचारा बर्नेल वारला होता.

नाव वाचून लेखकांची आडनावं वाटतात ना? तसं काही नाही. मोहरमला छाती पिटत 'या हसन! या हुसेन!' चालायचं, ते गोऱ्या सोल्जरांच्या कानातून फिरत फिरत आधी होसीन गोसीन, मग होसेन जोसेन आणि शेवटी थेट हॉब्सन-जॉब्सन झालं, मग देशी सणांच्या गलक्यालाही तेच म्हणायला लागले. परका शब्द आपल्या जिभेला सोयीचा करून घेतात त्याला भाषावाले आजही हॉब्सन-जॉब्सनचा नियम म्हणतात, आपण लॅन्टर्नचं लालटेन केलं तसंच. कोरडं नाव नको आणि लेखक दोघं आहेत हेही सुचावं म्हणून यूलनं हे उचललं. हुशारी आहे, पण लोकांच्या शोकाची टिंगलही आहेच, आणि हा साहेबी तोरा पानोपानी भेटतो, तेवढं सोसायची तयारी ठेवा.

खरी मजा उताऱ्यांत. शब्दाखाली जुन्या प्रवाशांची, पत्रांमधली वाक्यं सालवार लावलीत, एक शब्द बघायला जावं तर तास कुठं गेला कळत नाही. 'चीज'ची नोंद बघा, खायचं नाही, लंडनच्या बोलीत एकदम भारी वस्तूला 'द चीज' म्हणायचे ते. यूलच्या मते हे आपलं फारसी-हिंदीतलं चीज, म्हणजे कष्टाचं चीज झालं म्हणतो त्यातलं!! मुंगसाला, म्हणजे इंग्रजीतल्या 'मॉन्गूस'ला, मात्र आधी तेलुगू शब्द दिलेत, मराठीचं नाव मागून, तेही जर्डन या प्राणिशास्त्रज्ञाच्या हवाल्यानं. आताच्या इंग्रजी डिक्शनऱ्या सरळ मराठीला क्रेडिट देतात.

स्पेलिंगं जुनी आहेत हां, मुंगूस 'एम-यू'नं शोधा, 'एम-ओ'नं नाही. आणि मराठी शब्द असला की शेजारच्या टॅबमध्ये मोल्सवर्थ उघडा, एकट्या यूलवर विसंबू नका.